हेराल्डची स्पिटफायर करावी का?

ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्‌स कार मांडली, तेव्हा तिच्या पत्र्याखाली नवं असं फार थोडं होतं. चासी हेराल्डचीच, आखूड केलेली. इंजिन हेराल्डचंच, ११४७ सीसीचं. रूप देणारा इटालियन माणूसही तोच, जोव्हान्नी मिकेलोत्ती. पण हेराल्ड १२०० मध्ये जे इंजिन ३९ अश्वशक्ती देत होतं, ते स्पिटफायरमध्ये ६३ देऊ लागलं.

हीच हेराल्ड १९६१ पासून आपल्याकडे स्टँडर्ड हेराल्ड म्हणून आली. मद्रासजवळच्या वंडलूरला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ती बनवत असे. आधी ९४८ सीसी, मग ११४७. फियाट, ॲम्बॅसेडर आणि हेराल्ड या तिघींच्या जमान्यात हेराल्डच तेवढी जरा नखरेल होती: सुरुवातीला दोनच दारं, मागे छोटे पंख, आणि मडगार्डांसकट अख्खं तोंड पुढे कलंडणारं बॉनेट. स्पिटफायर भारतात कधी बनली नाही. त्यामुळे जुनी हेराल्ड बाळगणाऱ्या आपल्याकडच्या हौशी माणसाला कधी ना कधी हा मोह होतोच, की जे ट्रायम्फने कारखान्यात केलं ते आपण गॅरेजात का करू नये? चोवीस अश्वशक्तीचा तर प्रश्न आहे.

हा प्रश्न मावळात जास्त टोचतो. मुंबई-पुण्याच्या लोकांचे तळेगाव, कामशेत, पवनानगर, लोणावळा या पट्ट्यात बंगले आहेत, आणि काही बंगल्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जुन्या गाड्या झोपलेल्या आहेत. रविवारी सकाळी त्या जुन्या हायवेवर निघतात. सपाटीला छान चालतात, दुधिवरे खिंडीच्या किंवा भुशीच्या पुढच्या चढाला लागल्या की मागून येणारी साधी अल्टोसुद्धा हॉर्न वाजवत पुढे जाते. मालक घरी येऊन मेस्त्रींना म्हणतो, गाडीला पिकअप नाही. मेस्त्री म्हणतात, बघू, हेड खोलतो.

इथे थांबून थोडं गणित करायला हरकत नाही.

माणसांसकट ११०० किलो वजनाची हेराल्ड धरू, आणि चढ दर दहा मीटरला एक मीटर, म्हणजे चांगलाच खडा. ताशी ४० किलोमीटरने हा चढ चढायला फक्त वजन वर उचलण्यापायी सुमारे १६ अश्वशक्ती लागते. टायरांचं घर्षण आणि हवेचा रेटा धरला तर १९-२०. ताशी ६० ने चढायचं तर हाच आकडा तीसच्या आसपास जातो. आता इंजिनाकडे या. ३९ हा आकडा फ्लायव्हीलवरचा, तोही समुद्रसपाटीवरचा आणि ४५०० आरपीएमला. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. तिथे हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ, म्हणजे दोन-सव्वादोन अश्वशक्ती तिथेच गेली. गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन हे सगळे आपापला वाटा घेतात. चाकापर्यंत पोचते ती एकतीसच्या आसपास.

म्हणजे धडधाकट हेराल्ड इतका खडा चढ ताशी साठने चढू शकते, फक्त योग्य गिअर पाहिजे आणि इंजिन फिरवायची तयारी पाहिजे. गमतीची गोष्ट म्हणजे एक्स्प्रेसवेवर घाटात छोट्या गाड्यांची वेगमर्यादाही साठच आहे. साठ वर्षांपूर्वीची ३९ अश्वशक्ती आजच्या कायद्याला बरोबर पुरते. मग ती अल्टो पुढे का जाते? बहुधा याचं कारण असं की शेडमधल्या गाडीत ३९ उरलेलेच नाहीत.

या मुद्द्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. नवे पार्ट लावण्यात जी मजा आहे ती जुनं इंजिन तपासण्यात नाही, हे खरं. पण साठ वर्षांत बोअर लांबट गोल झालेला असतो, रिंगा ढिल्या पडलेल्या असतात, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलतो म्हणून टायमिंग दर फेरीला वेगळं पडतं, कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या दांडीशेजारून फुकटची हवा आत शिरते. यातलं प्रत्येक थोडीथोडी ताकद खातं. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजायला मेस्त्रींना एक गेज आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात. चारही आकडे पुरेसे वर आणि एकमेकांजवळ आले तर इंजिन ठीक. एखादा पडलेला असेल तर ताकद वाढवण्याची भाषा सोडा, आधी हरवलेली शोधा. मला विचाराल तर जुन्या गाडीतली सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक जादा ताकद हीच, जी कंपनीने मुळात दिली होती आणि आपण वापरून संपवली.

त्यात पेट्रोलची एक भानगड आहे. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला एक प्रकारचं वंगण पुरवायचं. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसं बंद झालं, ते आरोग्याच्या दृष्टीने फार उत्तम झालं. पण ओतीव लोखंडी हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आता बैठक खात खात आत जातो, टॅपेटचं अंतर मिटतं आणि कॉम्प्रेशन पडतं. जोरात चालवल्या जाणाऱ्या इंजिनात हे लवकर होतं. उपाय सोपा आहे: हेड उघडलेलंच असेल तर कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात.

दुसरी भानगड इथेनॉलची. २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा. इंजेक्शनच्या नव्या गाड्या ते आपोआप सांभाळतात, कार्बोरेटरचं जेट मात्र जेवढं छिद्र तेवढंच पेट्रोल देतं. परिणामी जुन्या गाडीचं मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होतं. इंजिन गरम होतं, रेस दिली की अडखळतं. उंचीवर नेमकं उलट घडतं. हवा विरळ झाली की कार्बोरेटर पेट्रोल जास्त देऊ लागतो, लोणावळ्याच्या उंचीला साधारण तीन टक्के. त्यामुळे मुंबईत अडखळणारी हेराल्ड खंडाळ्याला पोचल्यावर जरा बरी चालते. लोक त्याचं श्रेय थंड हवेला देतात. श्रेय विरळ हवेचं आहे. काही असो, जेट एक-दोन नंबर मोठं बसवणं आणि इथेनॉलमध्ये न विरघळणारे रबरी पाइप घालणं ही कामं ताकदीच्या आधीची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय? चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नये. जितकी मोकळी जागा तितकं पाणी.

हे सगळं करूनही मन भरलं नाही, तर मग ट्रायम्फने ३९ चे ६३ कसे केले ते पाहू.

इंजिन म्हणजे हवा ओढून बाहेर टाकणारा पंप. जितकी जास्त हवा दर मिनिटाला आत जाईल तितकं पेट्रोल जळेल, तितकी ताकद. सीसी न वाढवता हवा वाढवायची तर दोन वाटा: प्रत्येक श्वास मोठा करायचा, किंवा मिनिटाला श्वास जास्त घ्यायचे. ट्रायम्फने दोन्ही केलं. एका सोलेक्स कार्बोरेटरच्या जागी दोन एसयू बसवले. कॅमशाफ्ट बदलून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवले. कॉम्प्रेशन ८ वरून ९ ला नेलं. यामुळे इंजिन ४५०० च्या ऐवजी ५७५० आरपीएमपर्यंत दम धरू लागलं आणि बरीचशी वाढ तिथेच, वरच्या आरपीएमला मिळाली.

हा शेवटचा भाग नीट समजून घ्यायला हवा. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पिळा. चढावर गाडी उठते ती त्याने. जास्त वेळ उघडे राहणारे व्हॉल्व्ह वरच्या आरपीएमला फायदा देतात आणि खालच्या आरपीएमला थोडा पिळा काढून घेतात. कारण हळू फिरणाऱ्या इंजिनात आत आलेली हवा पुन्हा बाहेर सटकायला वेळ मिळतो. कागदावर ताकद वाढली, पण कार्ल्याच्या फाट्यावर ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर रांगताना गाडी पूर्वीपेक्षा मरगळलेली, हा अनुभव शर्यतीचा कॅम बसवणाऱ्यांना हमखास येतो. मावळातल्या रस्त्यांवर ५७५० आरपीएम किती वेळा लागणार? तुंगच्या वाटेवर तर अजिबात नाही.

आपल्या गॅरेजात यातलं काय जमण्यासारखं आहे? दोन कार्बोरेटर बसवता येतात. ॲम्बॅसेडरमुळे एसयू आपल्या जुन्या मेस्त्र्यांना परका नाही. पण दोन्हींचा श्वास एकसारखा लावणं हे कानाचं काम आहे, आणि तसे कान असलेले मेस्त्री आता थोडेच उरले. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चार वेगळ्या नळ्यांचं करता येतं. हेड लेथवर घासून कॉम्प्रेशन वाढवता येतं; इथेनॉलमुळे आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन बरा असल्याने तेवढं इंजिन ठोकत नाही, ही इथेनॉलची एकमेव मेहेरबानी. पण घासलेलं हेड परत जाड होत नाही. बोअर वाढवणं त्याहून पुढची पायरी. ब्लॉक एकदा मारला की मारला.

आणि या इंजिनाची एक जुनी खोड आहे. क्रँकशाफ्ट फक्त तीन बेअरिंगांवर बसलेला आहे, आणि तो पुढे-मागे सरकू नये म्हणून ज्या अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात त्या झिजल्या की सुटून खाली पडतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, मग हळूहळू ब्लॉकच खाल्ला जातो. तपासणी साधी आहे: एकाने क्लच दाबून सोडायचा, दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे लक्ष ठेवायचं. पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकली, तर ६३ चा विषय त्या दिवसापुरता तरी बंद.

आता खरा मुद्दा. स्पिटफायरची गोष्ट सांगताना लोक कार्बोरेटर आणि कॅमवर थांबतात. ट्रायम्फ तिथे थांबली नव्हती. स्पिटफायरला पहिल्या दिवसापासून पुढे डिस्क ब्रेक होते. साध्या हेराल्डला चारही चाकांना ड्रम. स्पिटफायरच्या आदल्याच वर्षी जॉन कूपरने मिनी घेतली, ३४ अश्वशक्तीच्या ८४८ सीसी इंजिनाचं ५५ चं ९९७ सीसी केलं, आणि त्या मिनी कूपरलाही पुढे डिस्क बसवले. हिचीच कूपर एस ही आवृत्ती पुढे १९६४ साली माँटे कार्लो रॅली जिंकली, तीही बर्फाळ घाटरस्त्यांवर. ताकद वाढवणाऱ्या या दोघांनीही थांबण्याची सोय त्याच खेपेला केली. आपल्याकडच्या मालकाला इंजिनावर लाख रुपये घालायचे असतात, ब्रेकवर मात्र नवे लायनर आणि बस्स.

भोर घाट हा काही चढण्यापुरता नाही. मॅल्कम गव्हर्नर असताना १८३० साली इथला गाडीरस्ता सुरू झाला, तेव्हापासून इथली खरी भीती उताराचीच आहे. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकणारा ड्रायव्हर इंजिनासाठी नवस करत नाही. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. ११०० किलोच्या गाडीची तेवढ्या उंचीची ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. सतरा-अठरा लिटर थंड पाणी उकळीला येईल एवढी ती उष्णता आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरलं तर त्यातला मोठा भाग इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये उतरणारा महाभाग ती सगळी चार ड्रममध्ये ओततो. ड्रम तापला की पसरतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो, आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. डिस्क तापली तर उलट पॅडच्या जवळ येते, शिवाय ती उघड्या हवेत असते.

त्यात ब्रेक ऑइल. तेही हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चं ताजं तेल किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी प्यायलेलं १४० ला. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, पेडल जमिनीला टेकतं. हेराल्डच्या काळच्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच असे. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. लोणावळ्यात गाडी ठेवणाऱ्याने हे तेल दर पावसाळ्यानंतर बदललं तर खर्च पाच-सहाशे रुपयांचा. त्याची बढाई कोणी मारत नाही, ही अडचण आहे.

ताकद वाढली की वेग वाढतो, आणि ब्रेकवरचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने वळणाशी पोचलात, तर ब्रेकवर पडणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट.

हेराल्डच्या मागच्या चाकांचीही एक कथा आहे. त्या काळात बहुतेक गाड्यांना मागे सरळ अखंड ॲक्सल असे; हेराल्डला स्विंग ॲक्सल. दोन्ही चाकं मधल्या हौसिंगपासून पंखासारखी वर-खाली हलतात. खड्ड्यात हे सुखाचं असतं. पण जोरात वळण घेताना, आणि विशेषतः मध्येच घाबरून रेस सोडली तर, गाडीचं मागचं अंग वर उचललं जातं, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि मागची बाजू फटकन बाहेर फिरते. अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेअरच्या याच रचनेवर राल्फ नेडर यांनी १९६५ सालच्या पुस्तकात टीका केली आणि त्यातून वाहन सुरक्षेच्या कायद्याची चळवळ उभी राहिली. ट्रायम्फने स्पिटफायरमध्ये हा दोष १९७० मध्ये पाटे बदलून आटोक्यात आणला. आपल्या वंडलूरच्या मंडळींनी त्याहून साधा मार्ग धरला: १९७२ साली हेराल्डच्या जागी गॅझेल आणली आणि स्विंग ॲक्सल काढून सरळ ॲक्सल घातला. ३९ अश्वशक्तीला हा दोष सहसा जाणवत नाही, कारण तेवढ्या जोरात वळणावर पोचायलाच गाडीला जमत नाही. म्हणजे कमी ताकद हीच तिथे सुरक्षेची योजना आहे. ६३ केल्यावर ती योजना गेली.

इंजिनच बदलायचं का, असं विचारणारेही असतात. मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिन ८५ अश्वशक्तीचं, हलकं, भंगारात सहज मिळणारं. हौशी लोकांनी हे इंजिन कशाकशात बसवलं नाही! चालतंही झकास. पण हेराल्डच्या डिफरन्शियलच्या बाजूचे शाफ्ट मुळातच नाजूक. त्यांना याच्या निम्म्याची सवय. आणि असं इंजिन घातलेली गाडी हेराल्डच्या कपड्यातली एस्टीम होते. ज्याला एस्टीम चालवायची त्याने एस्टीम घ्यावी, तीही आता जुनी म्हणून देखणी वाटू लागली आहे.

आपल्याकडे बनलेली स्पोर्ट्‌स कार म्हणून जी सांगता येते त्या सॅन स्टॉर्मबद्दलही ताकदीची हीच तक्रार होती. बंगळुरूच्या सॅन मोटर्सची ही फायबरच्या बॉडीची छोटी दोन आसनी गाडी, आत रेनोचं ११४९ सीसीचं ६० अश्वशक्तीचं इंजिन. रूप स्पोर्ट्‌सचं, ताकद घरगुती, म्हणून लोकांनी तिला नावं ठेवली. पण हलकी गाडी कमी ताकदीतही मजा देते. तिच्यात टर्बो घालायला निघालेल्यांनी हे आधी चालवून पाहावं.

आता कायदा, कारण बऱ्याच मालकांना तो शेवटी आठवतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, कारण इंजिन नंबर आरसी बुकात असतो. मावळच्या गाड्यांसाठी हे कार्यालय पिंपरी-चिंचवडचं, एमएच-१४. यात एक गंमत आहे. मान्यताप्राप्त किट वापरून पेट्रोलचं इंजिन काढून बॅटरी बसवायला कायद्यात वाट आहे. म्हणजे हेराल्डचं हृदय काढून विजेचं घातलं तर ते चालू शकतं, दुसरा कार्बोरेटर घातला तर नाही. अशा किटची तपासणी ज्या संस्था करतात त्यांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे, आणि तिचं एक केंद्र मावळातच टाकवे इथे आहे.

जुन्या गाड्यांसाठी आणखी महत्त्वाचा नियम जुलै २०२१ मध्ये आला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेल्या दुचाकी आणि चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला अशी गाडी वापरता येत नाही. अट एकच, पण कळीची: गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. साठच्या दशकातली प्रत्येक हेराल्ड वयाच्या अटीत आज बसते. बोअर मारलेली, एस्टीम घातलेली हेराल्ड ही जागा गमावते, आणि ती परत मिळवता येत नाही. विकायला काढली तर घेणारा पहिल्यांदा इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघतो, हे वेगळंच. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या वेळी कसा भोवतो तेही सांगायला नको. व्हिंटेजच्या व्याख्येत ब्रेकचं नाव नाही हे माझ्या पथ्यावर पडतं खरं, पण कलम ५२ तरीही उरतंच. डिस्क बसवण्याआधी एमएच-१४ ला लेखी विचारावं हेच शहाणपणाचं.

ताकद वापरायला जागा मात्र मावळाच्या आसपास आहेत, आणि त्या रस्त्यावर नाहीत. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन या नावाने ड्रॅग शर्यती झाल्या, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर सरळ. तळेगावजवळ नाणोलीला अलीकडे रेसट्रॅक उभा राहिला आहे. सत्तरच्या दशकात मुंबईच्या हौशी माणसाला सुधारलेली फियाट पळवायला मद्रासच्या शोलावरमपर्यंत जावं लागे. एक तासाच्या अंतरावर ट्रॅक असताना लायन्स पॉइंटच्या धुक्यात पिकअप आजमावणाऱ्याला हौशी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून रस्त्यावरच्या हेराल्डसाठी माझा कौल ३९ ला आहे. पूर्ण, मोजून घेतलेले ३९, नव्या व्हॉल्व्ह सीटसह आणि आजच्या पेट्रोलला जुळवलेल्या जेटसह. पैसे उरले तर ब्रेक, मग मागचे पाटे आणि शॉकअप, मग रेडिएटर, मग टायर, याच क्रमाने. ज्याला ६३ ची हौस स्वस्थ बसू देत नाही त्याने हे सगळं आधी करावं, आणि मग ट्रॅकपुरते दोन कार्बोरेटर आणि नळ्यांचं मॅनिफोल्ड, जे नटबोल्ट सोडून काढता येतं, तेवढंच लावावं. हेड घासायचंच असेल तर दुसरं हेड शोधून ते घासावं. मूळ सोलेक्स, मूळ मॅनिफोल्ड, मूळ हेड तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये बांधून, वर तारीख लिहून ठेवावं. लोणावळ्याच्या शेडमध्ये नाही, तिथे ते एका पावसाळ्यात गंजेल.

आणि पुढच्या रविवारी खोपोलीकडे उतरायला निघण्याआधी, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं ते मेस्त्रींना विचारा.